वाढत्या अंगाचा स्नोसूट : पाच महिने आणि एक रनर

मुलाच्या स्नोसूटला, म्हणजे बर्फात घालायच्या अंगभर भरावाच्या सूटला, नोव्हेंबरात चार तारे दिले होते, जानेवारीत रागाने दोन केले, आता मार्च संपताना साडेतीनवर आणून ठेवतोय. ही सगळी चढउतार एका नखाएवढ्या वस्तूपायी झाली : चेनचा रनर. पाणी अडवण्याची क्षमता 10,000 मिलीमीटर, टेप लावलेल्या शिवणी, भराव किती ग्रॅमचा, हे सगळं दुकानाच्या पानावर आहेच. ते इथे उगाळत नाही.

वापर कसा, ते आधी. टोरोंटो, साडेचार वर्षांचं मूल, डे-केअर. ओंटारिओत डे-केअरची मुलं हवा बरी असेल तर दिवसाला दोन तास बाहेर असतात. म्हणजे सूट रोज किमान दोनदा चढतो-उतरतो, तोही घाईत आणि बहुतेकदा हातमोजे घातलेल्या हातांनी.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चेन वर ओढली की मागून उसवायला लागली. रनर वर जातो, खाली दात उघडेच. कंपनीला लिहिलं, फोटो पाठवले. उत्तर आलं : ‘नैसर्गिक झीज, वॉरंटीत बसत नाही.’ दहा आठवड्यांत नैसर्गिक झीज! पुन्हा लिहिलं, तर पुढच्या खरेदीवर 15 टक्के सवलतीचं कूपन आलं. 129 डॉलरच्या सूटची चेन गेली म्हणून दुसरा सूट घ्या, असा हिशेब. दोन तारे त्या दिवशीचे.

फेब्रुवारीतली भर : चेनला शिव्या दिल्या त्या अर्ध्या मागे घेतो. दात प्लॅस्टिकचे, जाड, आणि एकही तुटलेला नाही. रनर धातूचा. रस्त्यावरचं मीठ आणि त्यातली बारीक वाळू रनरच्या पोटात जाऊन बसते. मीठ धातू खातं, वाळू घासते, आतली फट रुंदावते आणि दात एकमेकांत दाबले जात नाहीत. बिघडतो रनर आणि बोल लागतो चेनला.

तात्पुरता इलाज पक्कड. रनर अगदी तळाशी नेऊन त्याचं खालचं टोक, म्हणजे जिथून जुळलेले दात बाहेर पडतात ते, डाव्या आणि उजव्या कडेला पुढून-मागून हलकं दाबायचं, म्हणजे वरची आणि खालची पाती जवळ येतात. एकदा दाबा, चालवून बघा, मग पुन्हा. एका दमात जोर लावला तर ओतीव धातू सरळ तडकतो. यावर तीनेक आठवडे निघतात.

कायमचा इलाज नवा रनर. जुन्याच्या पाठीवर आकडा कोरलेला असतो, बहुतेक 5. पण नुसता आकडा जुळून भागत नाही. जाड दातांच्या चेनचा रनर वेगळा आणि नायलॉनच्या वेटोळ्याच्या चेनचा वेगळा, दोन्हींवर 5 असू शकतं. चेनच्या वरच्या टोकाचे दोन अडसर (रनर निसटू नये म्हणून असतात ते) पक्कडीने काढा, जुना रनर वरून बाहेर घ्या. नव्याचं एकच तोंड असलेली बाजू खाली ठेवून दोन्ही पट्ट्यांची वरची टोकं त्यातून एकाच उंचीवर आत सरकवा, तळापर्यंत ओढा, मग वर. एक दात जरी पुढेमागे झाला तरी गळ्याशी एक बाजू उंच येते. तसं झालं तर काढून पुन्हा. शेवटी अडसरांच्या जागी जाड दोऱ्याचे पाच-सहा टाके. खर्च तीन डॉलर, वेळ वीस मिनिटं. साध्या शर्टालाही आतून जादा बटण शिवलेलं असतं. इथे पिशवीत एक जादा रनर टाकायला काय जात होतं? एक तारा त्याबद्दल कापलाय.

त्यानंतर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने दात आणि रनर घासायचा, वाळला की पांढरी मेणबत्ती फिरवायची. तेल नको, त्याला वाळू चिकटते. घालताना चेन पूर्ण खाली नेल्याशिवाय पाय आत घालू देऊ नका. सगळा ताण तळाच्या चार दातांवर येतो.

आता मापाबद्दल, कारण आपल्याकडे वाढत्या अंगाचं घ्यायची खोड जात नाही. उंची 106 सेंटीमीटर होती, 110 घेतला, बरोबर बसला. 116 घेतला असता तर दोन पायांमधला जोड गुडघ्याकडे लोंबला असता, पायऱ्या चढता आल्या नसत्या आणि पायाची कड बुटाखाली येऊन फाटली असती. बाही आणि पायाच्या आत रंगीत टीप आहे. ती उसवली की साधारण 4 सेंटीमीटर लांबी मिळते. म्हणजे वाढीची सोय शिंप्याने आधीच करून ठेवली आहे. आत सुती गंजी नको, घामाने ओली होऊन गार पडते. पॉलिस्टर किंवा लोकरीचा पातळ थर, वर फ्लीस, बस.

गाडीच्या सीटमध्ये मात्र हा सूट घालून पट्टे बांधू नका. भराव दबतो आणि धक्क्यात पट्टा सैल पडतो. फ्लीसवर पट्टे आवळायचे, वरून पांघरूण.

धुणं : चेन बंद, 30 अंश, थोडंसं द्रव डिटर्जंट. सुगंधी सॉफ्टनर अजिबात नको, पाणी ओघळून जायचं थांबतं. गुडघ्यांवर थेंब पसरायला लागले तर लेबलवर परवानगी आहे का बघून ड्रायरमध्ये मंद आचेवर वीस मिनिटं फिरवा. पाणी ओघळवणारा पृष्ठभाग पुष्कळसा पुन्हा जागा होतो. नाही झाला तर पाणी ओघळवणारा फवारा मारायचा.

बुटाखालचे रबरी पट्टे डिसेंबरातच तुटले. बटणाच्या काजांचं साधं इलॅस्टिक लावलंय, तेही सहा आठवडेच टिकतं. सिलिकॉनचे पट्टे मिळाले तर तेच घ्या.

धाकट्यासाठी ठेवायचा असेल तर हवा काढून चपटी होणारी पिशवी नको, भराव बसतो. डांबरगोळ्याही नकोत, तो वास पुढच्या थंडीपर्यंत जात नाही. दोन दिवस पूर्ण वाळवायचा, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल घालायचा, आणि खिशात एक नवा रनर.