सहा महिने, एकच पात्र: 'बाल्डर्स गेट ३'मधली माझी खोटं न बोलणारी बार्ड

माझी बार्ड रेवा, म्हणजे गाण्या-वाद्यातून जादू करणारं पात्र, बाराव्या लेव्हलला पोचली. 'बाल्डर्स गेट ३' या पात्र घडवून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये त्याच्या वर जाता येत नाही, त्यामुळे तिच्या आकड्यांवर मला जे काही म्हणायचं आहे ते आता पूर्ण अनुभवानंतरचं आहे. सहा महिने, साधारण १४० तास मी या एकाच पात्रासोबत खेळलो. मधे तिला एकदा पार मोडून नव्याने बांधलं.

हा गेम ऑगस्ट २०२३मध्ये पीसीवर आला आणि मी तो बऱ्याच उशिरा हातात घेतला. तोवर ताकदवान बिल्ड्सचे, म्हणजे पात्र कसं बांधायचं याच्या तयार याद्यांचे, ढीग लागले होते. त्यांत काय घ्यायचं ते असतं, का घ्यायचं ते फारसं नसतं, म्हणून हा प्रपंच. पुढे पहिल्या आणि दुसऱ्या अंकातल्या एकेका प्रसंगाचा उल्लेख आहे. गेम कोराच अनुभवायचा असेल तर आधी खेळून घ्या.

मी सुरुवात क्लासपासून, म्हणजे पात्राच्या पेशापासून, केली नाही. डोळ्यांसमोर एक बाई होती. चाळिशी ओलांडलेली, तंतुवाद्यं बनवणारी. लाकडावर टिचकी मारून आत पोकळ आहे का ते ओळखणारी. माणसांचंही तसंच, समोरचा काय बोलतो यापेक्षा आवाज कुठे बदलतो याकडे तिचं लक्ष. आणि एक अट: ती खोटं बोलत नाही. ही अट तिच्या स्वभावातून आली, कारण चुकीचा सूर ज्याच्या कानाला खुपतो त्याला स्वतःचं खोटं जास्त खुपणार, असं मला वाटलं. चेहरा बनवताना वय वाढवणारा पर्याय आणि केसांतली करडी छटा मुद्दाम वापरली. संवाद चालू असताना आपण बनवलेलं पात्र तोंडाने बोलत नाही, निवडलेली ओळ पडद्यावर दिसते आणि कॅमेरा चेहऱ्यावर असतो. म्हणजे तो चेहरा तुम्ही शेकडो वेळा बघणार आहात. त्याला तासभर दिला तर वाया जात नाही.

आता सर्वात महत्त्वाचं. तळावर विदर्स नावाचं पात्र आलं की त्याच्याकडून १०० सोन्याच्या नाण्यांत क्लास, सहाही अॅबिलिटींचे (मूळ क्षमतांचे) आकडे, स्किल्स सगळं बदलता येतं. दिसणं जादूच्या आरशात बदलता येतं. बदलता येत नाहीत त्या दोन गोष्टी: रेस (वंश) आणि बॅकग्राउंड (पात्राचं पूर्वायुष्य). नवखे खेळाडू क्लासवर रात्री घालवतात आणि बॅकग्राउंड दहा सेकंदांत उरकतात. मी उलट केलं आणि त्याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

बॅकग्राउंड घेतलं 'गिल्ड आर्टिझन'. कारागीर बाईला ते शोभतं हे एक, आणि त्यातून पर्स्युएशन आणि इनसाइट ही दोन स्किल्स मिळतात, म्हणजे पटवणं आणि ओळखणं. बार्डसाठी 'एंटरटेनर' घ्यावं असं सहज वाटतं, पण त्यातून अॅक्रोबॅटिक्स (कसरती) आणि परफॉर्मन्स (कला सादर करणं) मिळतं आणि परफॉर्मन्स बार्डला क्लासमधूनही घेता येतं. शिवाय प्रत्येक बॅकग्राउंडची स्वतःची छोटी उद्दिष्टं असतात. ती पूर्ण झाली की इन्स्पिरेशन मिळतं आणि बोलणं किंवा काम साधलं का ते ठरवणारा फासा फसला तर ते खर्च करून पुन्हा टाकता येतो. अशी चारच इन्स्पिरेशन साठवता येतात. आपल्या पात्राने जे आपसूक करावं त्याचंच बक्षीस मिळणार असेल तर ते शोधत फिरावं लागत नाही.

रेस 'वुड हाफ-एल्फ'. कारणं रोकडी आहेत. अंधारात दिसतं, जादूने झोपवता येत नाही, एका पाळीत ९ ऐवजी १०.५ मीटर चालता येतं, स्टेल्थ (लपून वावरणं) मिळतं आणि ढाल वापरता येते. ढालीचं महत्त्व मला तिसऱ्या महिन्यात खऱ्या अर्थाने कळलं. बार्डला स्वतःच्या क्लासमधून ढाल मिळत नाही आणि आर्मर क्लासमधले (वार चुकवण्याच्या आकड्यातले) ते २ अंक मागे उभ्या राहणाऱ्या बाईला कितीदा वाचवून गेले याची गणती नाही.

आता आकडे. वाटायला २७ पॉइंट मिळतात, प्रत्येक अॅबिलिटी ८ ते १५, आणि वर कुठल्याही एकीला २ व दुसऱ्या एकीला १ जादा. खरा परिणाम दर दोन अंकांनी बदलतो, म्हणजे १६ आणि १७ यांचा उपयोग तंतोतंत सारखा. पहिल्यांदा मी सगळे सांगतात तसं केलं: करिश्मा (बोलण्याचा प्रभाव) १७, डेक्स्टेरिटी (चपळाई) १६, कॉन्स्टिट्यूशन (दमखम) १४, विजडम (जाण) १०, बाकी दोन्ही, म्हणजे स्ट्रेंग्थ (ताकद) आणि इंटेलिजन्स (बुद्धी), ८. कागदावर निर्दोष.

मग अराबेलाचा प्रसंग आला. ड्रुइडांच्या, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्यांच्या, उपवनात काघा नावाची ड्रुइड अराबेला या टीफलिंग (शिंगं असलेल्या वंशाच्या) मुलीला साप रोखून अडवून ठेवते आणि तिची सुटका आपल्या बोलण्यावर ठरते. मी दुसऱ्या लेव्हलला होतो. पर्स्युएशनला फाशात ५ मिळवणारा बोनस दिसला, ती ओळ दाबली. बाकीच्या ओळी धड वाचल्यासुद्धा नाहीत. फासा १ वर थांबला. १ आला की बोनस कितीही असो, अपयशच. इन्स्पिरेशन आधीच एका फुटकळ कुलपावर उडवलं होतं. साप चावला, मुलगी गेली, आणि तिच्या आईवडिलांपुढे उभं राहण्याची वेळ आली.

सेव्ह दोन मिनिटांपूर्वीचा होता. लोड करायला बोट गेलं होतं. केलं नाही. बनवलेली बाई ऐकणारी होती आणि तिच्या जागी मी आकडा बघून बोललो होतो, हे तेव्हाच टोचलं. विजडम वाढवलं असतं तर तो १ टळला नसता, हे मला पक्कं माहीत आहे. पण तिला ज्या कामासाठी घडवलं ते तिच्या आकड्यांत कुठेच नव्हतं.

विदर्स भेटल्यावर तिला मोडलं. नवे आकडे: करिश्मा १५ ला जादाचा १ देऊन १६, विजडम १२ ला जादाचे २ देऊन १४, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १४, स्ट्रेंग्थ आणि इंटेलिजन्स ८. सगळे आकडे सम, एकही अंक वाया नाही. करिश्मा १७ वरून १६ केल्याने त्या क्षणी काहीच गमावलं नाही. खरी किंमत मोजली ती डेक्स्टेरिटीत. लढाईत पाळी थोडी उशिरा येते, नेम थोडा कमी. ती मला परवडली.

तिसऱ्या लेव्हलला बार्डला एक्स्पर्टीज मिळतं, म्हणजे दोन स्किल्सवर प्रावीण्याचा बोनस दुप्पट. पर्स्युएशन आणि इनसाइट घेतलं. इनसाइटवर एक्स्पर्टीज उधळणं हा माझ्या बिल्डमधला सर्वात वादग्रस्त निर्णय असेल. केवळ जिंकण्याचा हिशेब केला तर स्लाइट ऑफ हँड (हातचलाखी, कुलपं उघडणं) जास्त कामाचं. पण इनसाइट लागलं की नवी ओळ उघडते, समोरचा घाबरलेला आहे का लपवतोय ते कळतं आणि त्यानंतरचं बोलणं अंदाजपंचे राहत नाही. गेम एकाच वेळी अधिक सोपा आणि अधिक माणसांचा झाला.

सबक्लास, म्हणजे क्लासची उपशाखा, 'कॉलेज ऑफ लोअर'. त्यातून आणखी तीन स्किल्स: अर्काना (जादूचं ज्ञान), इंटिमिडेशन (धाक दाखवणं), स्लाइट ऑफ हँड. वाद्यं घडवणाऱ्या बोटांना कुलपं उघडता येणं मला चपखल वाटलं. एकूण १८ पैकी ९ स्किल्स झाली आणि उरलेल्यांना 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स'मुळे अर्धा बोनस.

इथेच एक गोष्ट लक्षात आली जी कुठल्याही बिल्डच्या तक्त्यात बसत नाही. मी डिसेप्शन, म्हणजे थापा मारण्याचं स्किल, घेतलं नाही, तरी रेवा उत्तम खोटं बोलू शकते! करिश्मा तगडा, वर अर्धा बोनस. बाराव्या लेव्हलला डिसेप्शनचा बोनस ७ होतो. आकडे फक्त ती काय करू शकते ते सांगतात. ती काय करणार नाही हे प्रत्येक संवादात मला स्वतःला पाळावं लागलं, आणि काही वेळा ते जड गेलं. पहारेकऱ्याला एक थाप मारून आत जाता येत असताना लांबचा रस्ता घेतला आहे. दोन लढाया निव्वळ खरं सांगितल्यामुळे अंगावर आल्या. पण दुसऱ्या अंकात सोन्याने मढलेल्या एका जकातवालीसमोर शस्त्र न उपसता बोलण्यावर सगळं निभावलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

दुसऱ्याचे विचार वाचणाऱ्या 'डिटेक्ट थॉट्स' या स्पेलचं (मंत्राचं) काय करायचं हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. स्पेल बार्डला मिळतो, उपयोगी आहे. पण खोटं न बोलणारी बाई दुसऱ्याच्या डोक्यात न विचारता शिरेल का? शेवटी ठरवलं, कुणाचा जीव धोक्यात असेल तरच. १४० तासांत दोनदा वापरला. त्याऐवजी प्राण्यांशी बोलू देणारा 'स्पीक विथ अॅनिमल्स' सतत चालू असायचा, लढाईबाहेर त्याला स्पेल स्लॉट (मंत्रांचा मोजका साठा) लागत नाही आणि एकदा टाकला की मोठ्या विश्रांतीपर्यंत टिकतो. बार्ड घेणाऱ्याने हा सोडू नये. या जगातली कुत्री आणि उंदीर काय काय बोलतात ते ऐकण्यासारखं आहे.

लढाईबद्दल थोडक्यात. 'व्हिशस मॉकरी'ने नुकसान किरकोळ होतं, पण शत्रूचा पुढचा वार डळमळतो. 'हीलिंग वर्ड' लांबून पडलेल्या साथीदाराला उभं करतं. घोळ होतो तो एका गोष्टीत आणि ती वापरल्याशिवाय कळत नाही: शत्रूचा फासा कमी करणारं 'कटिंग वर्ड्स'ही रिअॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत दिलेलं प्रत्युत्तर), शत्रूचा स्पेल हाणून पाडणारा 'काउंटरस्पेल'ही रिअॅक्शन, आणि रिअॅक्शन फेरीला एकच. सहाव्या लेव्हलला लोअर बार्डला इतर क्लासचे दोन स्पेल घेता येतात. मी 'काउंटरस्पेल' आणि 'फायरबॉल' घेतले. 'काउंटरस्पेल' आल्यापासून, समोर जादूगार असेल तर 'कटिंग वर्ड्स' जवळजवळ मिटून ठेवावं लागतं. पर्याय वाढला आणि हात तेवढाच राहिला. 'फायरबॉल' ताकदवान आहे यात वाद नाही, पण माझ्या पार्टीत गेल हा जादूगार साथीदार तो टाकतच होता. ती जागा मी दुसऱ्या कशाला द्यायला हवी होती.

फीट, म्हणजे खास जादा गुण किंवा वाढीव आकडे, मिळतात चौथ्या, आठव्या, बाराव्या लेव्हलला. माझा क्रम: करिश्मा १८, मग 'वॉर कास्टर', मग करिश्मा २०. हा क्रम चुकला. शत्रूंना भारून टाकणाऱ्या 'हिप्नॉटिक पॅटर्न'सारखे बार्डचे चांगले स्पेल कॉन्सन्ट्रेशनवर, म्हणजे टाकणाऱ्याचं लक्ष टिकेल तोवरच, चालतात आणि वार बसला की ते टिकवायला कॉन्स्टिट्यूशनचा फासा टाकावा लागतो. त्या फाशावर बार्डला प्रावीण्याचा बोनस नाही. पाचव्या ते सातव्या लेव्हलच्या दरम्यान एका गॉब्लिनाच्या बाणाने माझी अख्खी योजना कोसळल्याचे प्रसंग अनेक. 'वॉर कास्टर' हाच फासा सोपा करतं, ते चौथ्यालाच घ्या.

स्ट्रेंग्थ ८ चा त्रास मात्र मला मनापासून आवडला. उडीचं अंतर स्ट्रेंग्थवर ठरतं, त्यामुळे साथीदार लेझेल दरी ओलांडून पलीकडे उभी आणि रेवा अलीकडच्या काठावर एकटी, हे दृश्य नेहमीचं. गेलने उडी लांबवणारा 'एन्हान्स लीप' टाकल्याशिवाय तिचं पाऊल हलत नाही. जिला लोकांना पटवता येतं तिला प्रत्येक खड्ड्यापाशी मदत मागावी लागते, यामुळे ती मला खरी वाटत गेली.

दहाव्या लेव्हलचं एक्स्पर्टीज पर्सेप्शन (लपलेलं हेरणं) आणि परफॉर्मन्सला दिलं. शेवटाकडे पर्स्युएशनचा बोनस १३ आणि इनसाइटचा १० झाला. तोवर फाशाची धास्ती बरीच कमी होते. मला विचाराल तर तिसऱ्या ते आठव्या लेव्हलपर्यंतचा काळ या पात्रासाठी सर्वात सुंदर, कारण बोलणं फसण्याची शक्यता तेव्हा खरी असते.

मागच्या आठवड्यात ऑनर मोड सुरू केला. त्यात सेव्ह एकच, झालं ते झालं. तीच रेवा, तेच करडे केस, विजडम पहिल्यापासून १४. एक इन्स्पिरेशन जपून ठेवलं आहे आणि कुलपांना हात लावलेला नाही. उपवनात पोचलो आहे. काघा आणि अराबेला पुढच्या गुहेत आहेत. आज डोकं थकलं होतं म्हणून तिथेच गेम बंद केला. उद्या ताज्या डोक्याने, प्रत्येक ओळ वाचून बोलणार आहे.