हातात धरूनच खेळायचं असेल तर: झेनोब्लेड २ की ईस ८?

निन्टेन्डोचा स्विच हा गेम कन्सोल टीव्हीला न जोडता हातातच वापरायचा आणि त्यावर एखादा भरगच्च जपानी गेम घ्यायचा, असं ठरलं की अनेकांची निवड दोन नावांपाशी अडते: झेनोब्लेड क्रॉनिकल्स २ (२०१७) आणि ईस ८: लॅक्रिमोसा ऑफ डाना (स्विचवर २०१८). दोन्ही मी शेवटपर्यंत खेळलो आणि दोन्ही मनापासून आवडले. पाळीपाळीने वार करायची लढाईच हवी असेल, तर हे दोन्ही सोडून सरळ ड्रॅगन क्वेस्ट ११ एस घ्या. सेव्ह उघडताना तो आतापर्यंतची कथा थोडक्यात सांगतो, त्यामुळे मध्ये खंड पडला तरी चालतं.

भव्यतेत झेनोब्लेडला तोड नाही. ढगांच्या समुद्रातले महाकाय टायटन, त्यांच्या अंगावर वसलेली गावं आणि कुरणं, सोबतीला यासुनोरी मित्सुदा आणि सहकाऱ्यांचं संगीत. ब्रेक, टॉपल, लाँच, स्मॅश (शत्रूचा तोल घालवा, पाडा, हवेत उडवा, आपटा) ही साखळी हातात बसली की लढाईही जबरदस्त रंगते. ती बसायला वेळ लागतो, पण तो वेळ वाया जात नाही.

माझं घोडं अडलं ते फील्ड स्किलपाशी. समोर वाट बंद असते आणि ती उघडायला ठरावीक कौशल्यं ठरावीक पातळीची लागतात. मोजली जातात ती फक्त त्या क्षणी जोडलेल्या ब्लेड्सची, म्हणजे पात्रांना शस्त्र आणि शक्ती देणाऱ्या साथीदारांची. म्हणजे मेनू उघडा, कौशल्य कोणाकडे आहे ते शोधा, लढाईसाठी नीट जुळवलेल्या ब्लेड काढून या बसवा, बाहेर येऊन बटण दाबा, छोटी दृश्यं बघा आणि परत मेनूत जाऊन जुनी जुळणी लावा. पातळी कमी भरली तर आधी ती वाढवून या. खजिन्याच्या पेटीसाठी हे एक वेळ सोडून देता येतं, पण काही ठिकाणी मुख्य कथेची वाटही अशीच अडते. टीव्हीसमोर निवांत बसलेल्याला याचं कदाचित काही वाटणार नाही. हातात घेऊन थोडाच वेळ खेळणाऱ्याचा तो वेळ मात्र मेनूतच जातो. त्यात हातातल्या पडद्यावर चित्र बरंच धूसर होतं.

अडलेल्या वाटा ईस ८ मध्येही आहेत. जहाज फुटून सेरेन बेटावर विखुरलेली माणसं तुम्ही शोधून गावात आणता, आणि पुरेशी माणसं जमली की तीच येऊन वाटेतला अडथळा हटवतात. शोधाशोध इथेही करावी लागते, पण त्यातून गाव भरत जातं, नवी तोंडं ओळखीची होतात. मला तरी ही रचना फार मोलाची वाटते.

ईसमधली लढाई तिथल्या तिथे सुरू होते आणि तिथेच संपते. कवचवाल्या प्राण्यावर तलवार चालत नसेल तर एका बटणाने दुसरं पात्र पुढे आणायचं. वार अंगावर येता येता अचूक क्षणी बाजूला झालात की शत्रू क्षणभर मंदावतो, आणि त्या फटीत चार-पाच घाव बसतात. ही लय एकदा बोटांत उतरली की दहा मिनिटांचा खेळही भरल्यासारखा वाटतो.

उणिवा आहेत. चेहरे आणि दगडधोंडे साधेच, कारण हा गेम मुळात २०१६ साली जपानमध्ये व्हिटा या सोनीच्या जुन्या हातातल्या कन्सोलसाठी आला. सेव्ह कुठेही करता येत नाही, स्फटिकापर्यंत जावं लागतं. झेनोब्लेड इथे सरस. पण मशीन झोपवून ठेवता येतं, म्हणून मला याचा जाच झाला नाही.

टीव्ही हाताशी असेल आणि लांबलचक बैठका मिळत असतील, तर झेनोब्लेडला नाही म्हणणं कठीण आहे. फक्त हातातच खेळणार असाल तर आधी ईस घ्या, आणि शक्यतो हार्ड या अवघड पातळीवर सुरू करा. नॉर्मलवर औषधं पीत पीत पुढे जाता येतं, मग वार चुकवायची ती लय बोटांत उतरायला फार उशीर होतो.