रविवारी संध्याकाळी फोन उचलणारा दातांचा दवाखाना

दातांच्या दवाखान्याला तारे द्यायचे झाले तर पहिला तारा मी फोनला देतो. खुर्ची, एसी, टीव्हीवरचं कार्टून ते सगळं मागनं.

मी सांगलीत एका हायस्कूलला पीटी शिकवतो. आमची कबड्डी मातीवर चालते, त्यामुळं ढोपरं फुटणं, बोटं मुरगळणं रोजचंच. दात मात्र वेगळं प्रकरण. रविवारच्या सरावात कोपरारक्षकानं पकडीसाठी सूर मारला आणि चढाई करणाऱ्याचा गुडघा थेट त्याच्या तोंडावर बसला. आठवीतला पोरगा, वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर.

पहिला फोन दुसरीकडं लावला होता. "उद्या दहानंतर घेऊन या, तोवर दुखायची गोळी द्या," एवढ्यावर विषय संपला. मग इथल्या बोर्डवरचा मोबाईल नंबर लावला. फोन खुद्द डॉक्टर मॅडमनी उचलला. मागं कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, म्हणजे घरीच होत्या. पण "क्लिनिक बंद आहे" हे वाक्य काही आलं नाही. पोरगा शुद्धीवर आहे का, उलटी झाली का, दातावर दात नीट बसतात का, हे तीन प्रश्न आधी. मग वय. तेरा म्हटल्यावर म्हणाल्या, "मग कायमचा दात आहे. दुधाचा असता तर परत बसवायचा नसतो, आतल्या दाताला धक्का लागतो. सर, दात कुठाय?"

दात एका पोराच्या हातात होता आणि तो रुमालानं घासून स्वच्छ करायच्या तयारीत होता. फोन स्पीकरवर होता म्हणून वाचलो. "घासायचा नाही! मुळाला हात लावू नका, चावायच्या पांढऱ्या बाजूनं धरा. थंड दुधात विसळा आणि जागेवर बसतोय का बघा." पोरगा तोंडाला हात लावू देईना. मग दात दुधातच ठेवून निघायला सांगितलं. टपरीवरचं दूध उकळत होतं, ते चालणार नव्हतं. शेजारच्या दुकानातनं चितळेंची पिशवी आणली, स्टीलच्या पेल्यात ओतली, पेला माझ्या हातात आणि पोरगा रिक्षात माझ्या शेजारी.

एवढी घाई का, ते मॅडमनी नंतर सांगितलं. मुळाभोवती बारीक तंतू असतात, त्यातल्या पेशी जिवंत असल्या तरच दात पुन्हा धरतो. कोरडा राहिला तर अर्ध्या-पाऊण तासात त्या मरायला लागतात. साध्या पाण्यात बुडवून ठेवला तरी फुगून फुटतात, दुधात तग धरतात. काहीच मिळालं नाही तर पोराला भांड्यात थुंकायला लावायचं आणि त्या लाळेत दात ठेवायचा. वीस मिनिटांचा हाफ घड्याळावर खेळवणाऱ्या माणसाला हा हिशेब लगेच पटतो.

आम्ही पोचलो तेव्हा शटर वर होतं. मदतनीस नव्हता, रविवार होता. एक्स-रे काढला, भूल दिली, खाच सलाईननं धुतली, दात दाबून बसवला आणि शेजारच्या दातांना पातळ तारेनं बांधला. तार दोन आठवडे. दात मातीत पडलेला, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते विचारलं आणि शेजारच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी देऊन पाठवलं. खायला मेतकूट-भात, वरण-भात, उपीट. पुढच्या दातानं भाकरी तोडायची नाही, पण ब्रश मऊ घेऊन रोज करायचा.

पोराचे वडील गावाकडनं मोटारसायकलवर आले. त्यांनी एकच विचारलं, "मॅडम, ह्यो टिकंल का?" मला वाटलं आता गोड बोलतील. "आज सांगता येणार नाही. मूळ हळूहळू झिजू शकतं, हाडाला चिकटू शकतं. नस आता जगणार नाही, त्यामुळं दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू करावंच लागेल, पुढं काही वर्षं एक्स-रे काढत राहायचं." खर्चही तिथंच कागदावर लिहून दिला, रूट कॅनालचा वेगळा. रविवारचे म्हणून तपासणीचे शंभर रुपये जास्त घेतले. मला काही वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट, कारण दात काढून मिळाला नाही म्हणून कुणी या दवाखान्याला नावं ठेवेल. आमच्या शिपाई मामांची अक्कलदाढ सुजली होती. सूज जबड्याखाली गळ्यापर्यंत उतरलेली, तोंड दोन बोटंही उघडेना, थुंकी गिळता येईना, अंगात ताप. आठवडाभर दाढेत मिश्री धरून बसले होते. मॅडमनी हत्यार उचललंच नाही. "ही सूज श्वास अडवू शकते, हे काम माझ्या खुर्चीत करायचं नाही," म्हणून तिथनंच मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलला फोन केला आणि चिठ्ठी दिली. फी घेतली नाही. मामा अजून कुरकुरतात की एवढे जिने चढवले आणि दाढ काढलीच नाही.

जिन्यांबद्दल त्यांचं बरोबर आहे. पहिला मजला, लिफ्ट नाही, कठडा हलतो. खालचा बोर्ड कायम कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्समागं असतो. शिवाय तातडीच्या कामाला तत्पर असलेला हा दवाखाना साध्या अपॉइंटमेंटला मात्र ढिला आहे. तार काढायला सहाची वेळ दिली होती, नंबर सव्वासातला लागला. मधेच कुणाची तरी तातडी आली म्हणे. आता त्यावर मी कोणत्या तोंडानं बोलणार?

पोरगा खेळायला कधी येणार म्हणून मागं लागलाय. मॅडमनी दाताचं माप घेऊन माउथगार्ड करायला सांगितलंय. आमच्याकडं कबड्डीत ते कुणी घालत नाही, पोरं हसणार. त्याला मी सांगितलंय, गार्ड नसेल तर मैदानात पाय ठेवायचा नाही.

चार तारे. आत्ताच नंबर मोबाईलमधे सेव्ह करून ठेवा, बोर्ड शोधत बसू नका. आणि गाडी समोरच्या मेडिकलपुढं लावू नका, मालक हवा सोडतो.