सत्तर अक्षरांचा हिशेब: नाशिकच्या बाजारातले एक बल्क एसएमएस पॅनेल

पतसंस्था, कांदा व्यापारी, द्राक्षबागेची औषधे विकणारे दुकानदार आणि क्लासवाले नाशिकमध्ये एजंटाकडून जे बल्क एसएमएस पॅनेल (एकाच वेळी हजारो नंबरांवर मेसेज पाठवायची संगणकावरची सोय) घेतात, त्यांपैकी एकाचे हे परीक्षण. मेसेज वेळेत पोचतात, डिलिव्हरी रिपोर्ट नीट मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार असते ती क्रेडिटची, म्हणजे आगाऊ पैसे भरून घेतलेल्या मेसेजच्या कोट्याची. माहितीपत्रकावर ‘एक मेसेज, एक क्रेडिट’ असते, आणि मराठीत मजकूर टाकला की एका नंबरामागे दोन, कधी तीन क्रेडिट कटतात. ग्राहकाला वाटते, फसवले. फसवणूक नाही, एसएमएसची मूळ रचनाच तशी आहे. पॅनेलचा दोष एवढाच, की पैसे कुठे जातात हे ते पुरेसे दाखवत नाही.

एका एसएमएसमध्ये 140 बाइट, म्हणजे 1120 बिट मावतात. इंग्रजी अक्षराला 7 बिट लागतात, म्हणून 160 अक्षरे. देवनागरीला प्रत्येकी 16 बिट, म्हणून 70. मजकूर त्यापुढे गेला की त्याचे तुकडे होतात आणि फोनला ते पुन्हा जोडता यावेत म्हणून प्रत्येक तुकड्यात 6 बाइट जोडणीच्या माहितीला जातात. मग एका तुकड्यात इंग्रजीची 153 आणि मराठीची 67 अक्षरे उरतात. मराठीचे टप्पे असे: 70 पर्यंत एक क्रेडिट, 134 पर्यंत दोन, 201 पर्यंत तीन. एकाहत्तरावे अक्षर म्हणजे एखादा पूर्णविरामसुद्धा असू शकतो, आणि तो दुसरे क्रेडिट पुरते घेतो.

इथे ‘अक्षर’ म्हणजे आपण बाराखडीत मोजतो ते नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘नाशिक’ पाच जागा घेते आणि ‘त्र्यंबकेश्वर’ तेरा. स्पेस एक, एंटर एक, शेवटी श्रद्धेने जोडलेला 🙏 दोन. हे मोजण्यात पॅनेलचा काउंटर बिनचूक आहे. काही पॅनेलमध्ये डोळ्याला दिसणारी अक्षरे मोजतात आणि बिल मात्र खऱ्या संख्येवर लावतात. इथे तसे नाही.

कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावरचा नेहमीचा मेसेज घ्या: ‘प्रिय शेतकरी बंधूंनो, उद्या पावसामुळे आमच्या खळ्यावर कांदा खरेदी बंद राहील. कृपया माल आणू नये.’ ही 94 अक्षरे, दोन क्रेडिट. तेच असे लिहिले तर: ‘पावसामुळे उद्या खळ्यावर कांदा खरेदी बंद. माल आणू नये.’ 53 झाली, आणि फर्मच्या नावाला 17 जागा राहिल्या. नाव लागतेच, कारण टेम्प्लेट (टेलिकॉम कंपनीकडे आधी नोंदवावा लागणारा मजकुराचा साचा) मंजूर होताना पाठवणारा कोण ते मजकुरात असावे लागते, आणि पाठवणाऱ्याच्या जागी दिसणाऱ्या सहा इंग्रजी अक्षरांच्या हेडरवरून शेतकऱ्याला काही कळत नाही. दर समजा 16 पैसे आणि नंबर 3,000. पहिल्या मजकुराला 960 रुपये, दुसऱ्याला 480. वर दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे ‘प्रिय बंधूंनो’ आणि ‘कृपया’चे एका फेरीत 566 रुपये. मेसेजमध्ये आदर हवाच, पण तो ‘आणू नये’ मध्ये पुरेसा आहे.

पॅनेल सगळ्यात जास्त कमी पडते ते इंग्रजी मेसेजमध्ये. हप्त्याची आठवण 150 अक्षरांची, सगळी रोमन, एक क्रेडिट. त्यात कुणी कीबोर्डवर सहज मिळते म्हणून ₹ घातले, की संपूर्ण मजकूर 16 बिटांत जातो आणि तीन क्रेडिट लागतात. एका चिन्हापायी तिप्पट. ₹ हे चिन्ह आले 2010 साली, एसएमएसचा 7 बिटांच्या अक्षरांचा ठरलेला तक्ता त्याआधीचा, त्यामुळे त्यात त्याला जागाच नाही. वर्डमधून उचललेली वळणदार अवतरणचिन्हे, लांब डॅश आणि एकत्र जोडलेले तीन टिंब (…) हेही तसेच. चौकोनी कंस, महिरपी कंस, ~, | आणि € ही तक्त्यात आहेत, पण प्रत्येकाला दोन जागा लागतात. पॅनेलचा आकडा अशा वेळी उडी मारतो, पण कोणत्या चिन्हामुळे ते सांगत नाही, रंगही बदलत नाही. शोधायचा उपाय सोपा: मजकुराचा मागचा अर्धा भाग कट करा. काउंटर 160 च्या हिशेबावर परतला तर दोषी चिन्ह त्या अर्ध्यात आहे. त्याचे पुन्हा दोन भाग करा. चार-पाच वेळांत सापडते. मग ते चिन्ह पॅनेलच्या चौकटीतच हाताने टाइप करा, आणि ₹ च्या जागी रोमनमध्ये ‘Rs’ लिहा.

मराठीचे स्वतःचे एक दुखणे आहे, आणि ते सेवा देणाऱ्यांपैकी फार कमी जणांना ठाऊक असते. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर त्यातला ऱ हे एकच अक्षर असते आणि शब्द 11 जागा घेतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह येते; जागा 12. पडद्यावर दोन्ही सारखेच. ‘ॲप’ मधल्या ॲ चेही तसेच. एका जागेचे नुकसान सोसता येईल. खरी अडचण पुढे येते: टेम्प्लेट एका तऱ्हेने मंजूर करून घेतला आणि मेसेज दुसऱ्या संगणकावरून टाइप केला, तर टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी तपासणीत (पाठवलेला मजकूर मंजूर टेम्प्लेटशी ताडून पाहण्याच्या व्यवस्थेत) मजकूर जुळत नाही आणि मेसेज अडतो. कर्मचारी डोळे फाडून शोधतो, त्याला फरक दिसणारच नाही. या पॅनेलमध्ये मंजूर टेम्प्लेट यादीतून निवडता येतो. तोच निवडावा, पुन्हा टाइप करू नये. ही सोय उत्तम आहे आणि तिच्यासाठी पॅनेलला पुरे गुण द्यावे लागतील.

एक्सेल चढवून नावानिशी मेसेज पाठवताना मात्र जपा. खर्चाचा अंदाज पॅनेल फक्त पहिल्या ओळीवरून काढते. ठरलेला मजकूर 62 अक्षरांचा आहे आणि पहिल्या ओळीत गाव ‘नाशिक’ आहे, तर 67, एक क्रेडिट. पुढच्या ओळीतल्या त्र्यंबकेश्वरला तेच 75 होतात आणि दोन कटतात. पाठवण्याआधी एक्सेलमध्येच पूर्ण मजकूर जोडून एक रकाना करा, शेजारी लेन (LEN) हे अक्षरे मोजणारे सूत्र लावा आणि मोठ्यापासून लहान असा क्रम लावा. लेन देवनागरीचे काना-मात्रे वेगळे मोजते, त्यामुळे आकडा एसएमएसशी जुळतो. 70 च्या वर गेलेल्या ओळी वरच दिसतील. टेम्प्लेटमधल्या नाव-गावाच्या बदलत्या जागेत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अक्षरे गेली तर मेसेज अडू शकतो, तेही याच वेळी तपासून घ्या.

एजंट यावर एक तोडगा सुचवतात: मराठीच रोमनमध्ये लिहा, 160 मिळतात. तो आम्हाला पटत नाही. ‘मला’, ‘माला’, ‘मळा’ आणि ‘माळा’ हे चारही रोमनमध्ये एकच दिसतात. सुरगाणा-पेठकडच्या सभासदाला हप्त्याची तारीख कळावी म्हणून मेसेज पाठवायचा, तर तो त्याला वाचता आला पाहिजे. ओटीपी, वजनपावती, खात्यातली शिल्लक असे आकडेप्रधान मेसेज इंग्रजीत चालतात. ज्यात माणसाला काही करायचे किंवा टाळायचे आहे, तो मजकूर देवनागरीतच हवा आणि कात्री मजकुराला लावावी. 2027 च्या सिंहस्थासाठी लॉजवाले टेम्प्लेट तयार करू लागले आहेत. त्यांनी मराठी आणि हिंदीचे मजकूर 70 मध्ये बसवूनच मंजुरीला टाकावेत, कारण मंजुरीनंतर एक शब्द कमी करायचा तरी नवा टेम्प्लेट लागतो.

बिलाबद्दल थोडे. टेम्प्लेट न जुळल्याने अडलेल्या मेसेजचे क्रेडिट इथे परत मिळते, बंद नंबरावर गेलेल्याचे मिळत नाही. म्हणून वर्षातून दोनदा तरी रिपोर्टमधले मृत नंबर यादीतून काढा. मोठा पॅक घेण्याआधी एजंटाकडून चाचणीची क्रेडिट मागा आणि स्वतःच्याच नंबरावर चार मेसेज सोडा: 70 अक्षरांचा मराठी, 71 चा मराठी, ₹ असलेला 150 चा इंग्रजी आणि ₹ नसलेला तोच. अनुक्रमे 1, 2, 3 आणि 1 क्रेडिट कटले, तर हिशेब सरळ आहे. दुसऱ्या कुठल्या पॅनेलमध्ये वेगळा आकडा आला, तर पैसे भरण्याआधी त्याचे कारण लेखी मागा.