चेनमेल किट: पत्रकातलं १८ गेज आणि पाकिटातलं १८ गेज

अब्दुल रहमान स्ट्रीट आणि भुलेश्वरच्या गल्ल्यांत इमिटेशन ज्वेलरीचं सुटं सामान विकणाऱ्या दुकानांत हल्ली 'घरी बनवा कानातली' छापाची तयार पाकिटं टांगलेली दिसतात. त्यातलंच हे एक, ६५० रुपयांचं. आत ३०० सोनेरी कड्या, ४ मिमीचे काचेचे मणी, हुकांच्या पाच जोड्या, एक पक्कड आणि बायझंटाइन विणीचं (कड्यांच्या जोड्या मागे दुमडत केलेल्या साखळीचं) रंगीत पत्रक. पाकीट देखणं आहे, मण्यांचे रंगही छान आहेत. पण चेनमेलच्या, म्हणजे धातूच्या कड्या एकमेकींत गुंफून करायच्या विणकामाच्या, किटमध्ये कड्याच नापास निघाल्या, तर बाकीचं सामान घेऊन करायचं काय?

पत्रकात लिहिलंय: १८ गेज (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर), आतला व्यास ३.५ मिमी. व्हर्नियर (बारीक जाडी मोजायची पट्टी) लावला तर तार १.२ मिमी भरते. यात दुकानदाराची लबाडी नाही. आपल्याकडे तार ब्रिटिश गेजने मोजतात आणि त्यात १८ म्हणजे १.२२ मिमी. पत्रकातली वीण मात्र अमेरिकन गेजवर बेतलेली आहे, तिथलं १८ म्हणजे १.०२ मिमी. फरक दोन दशांश मिलिमीटरचाच, पण वीण तेवढ्यावरच अडते.

चेनमेलमध्ये आतला व्यास भागिले तारेची जाडी, हा एकच हिशोब पक्का डोक्यात ठेवायचा. बायझंटाइनला उत्तर साडेतीनच्या आसपास हवं. चारपर्यंत चालतं, फक्त वीण जरा सैल पडते. या किटमधली कडी बाहेरून ६ मिमी आहे. दोन्ही बाजूंची तार वजा केली की आत ३.६ उरतात, भागाकार बरोबर ३. एवढ्यात दोन-दोन कड्यांची सरळ साखळी आरामात होते. पण बायझंटाइनमध्ये तिसरी जोडी मागे दुमडून दुसऱ्या जोडीच्या दोन्ही अंगांना पाडायची असते, दुसरी जोडी फाकवायची असते, आणि मग दिसणाऱ्या फटीतून चौथी जोडी दुमडलेल्या कड्यांत घालायची असते. इथे ती फटच उघडत नाही. जोर केला की कडी अंडाकृती होते आणि तोंड पुन्हा नीट जुळत नाही. नवशिक्याला वाटतं आपला हात बसलेला नाही. हाताचा काही दोष नाही.

त्यामुळे दुकानात गेज बोलूच नये, मिलिमीटर सांगावेत. '१ मिमी तार, ६ मिमी कडी, पितळी' असं मागितलं की काम होतं; बाजारात कडीचं माप बाहेरून धरतात, म्हणजे आत ४ मिमी आणि भागाकार ४. गेजच सांगायची वेळ आली, तर अमेरिकन १८ साठी आपलं १९ आणि अमेरिकन २० साठी आपलं २१ मागावं, ही मापं जवळजवळ तंतोतंत जुळतात. माल वजनावर मिळतो. या मापाच्या पितळी कड्या १०० ग्रॅममध्ये साधारण ९५० बसतात. एका कानातल्यात बायझंटाइनच्या दोन गाठी (दुमडलेल्या कड्यांचे झुपके) धरल्या तर १४ कड्या, जोडीला २८. दहा टक्के वाया गेल्या तरी तीस जोड्या सहज निघतात. एका पाकिटाच्या नादाला लागण्यापेक्षा हे केव्हाही परवडतं.

घेताना खिशात लोहचुंबक असावं. किटमधल्या कड्या त्याला टपकन चिकटतात, म्हणजे लोखंडावर सोनेरी मुलामा. मुंबईच्या पावसाळी हवेत आणि मानेच्या घामात तो टिकत नाही, आणि गंज चढायला सुरुवात होते ती कापलेल्या टोकांपासून, कारण तिथे मुलामा सगळ्यात पातळ असतो. टोकांबद्दल आणखी एक. कटरने दाबून तोडलेल्या तारेची टोकं पाचरीसारखी होतात. बंद केल्यावरही वर बारीक खाच राहते आणि ओढणीचा धागा तिथेच अडकतो. करवतीने कापलेल्या कड्यांची टोकं सपाट असतात, महाग पडल्या तरी कानातल्यांना त्याच घ्याव्यात. पेंडंटला एक वेळ दाबलेल्या चालतील.

मण्यांचं गणितही चुकलंय. पत्रक म्हणतं, शेवटच्या कडीत मणी ओवा. मण्याचं भोक जेमतेम १ मिमी, तार १.२. रेटाल तर काच तडकेल. कडीतच ओवायचा असेल तर ६ नंबरचा मणी घ्या; तोही साधारण ४ मिमीचाच, पण भोक मोठं. (नंबर वाढतो तसा मणी लहान होतो: ८ नंबर ३ मिमीचा, ११ नंबर २ मिमीचा.) किटमधले मणी वापरायचेच असतील तर डोकं असलेल्या पातळ पिनेत ओवून, वर १० मिमी तार ठेवून, तिचा फासा शेवटच्या जोडीत लटकवावा. दिसायलाही हेच नाजूक.

सगळ्यात न कळणारी गोष्ट म्हणजे पक्कड एकच दिलीय. कडी उघडायला दोन लागतात: तोंडाच्या दोन्ही बाजू धरून एक हात पुढे, एक मागे. बाजूंना ताणायची नाही, गोलाई कायमची जाते. मिटताना टोकं एकमेकांच्या किंचित पलीकडे नेऊन, आत दाबत परत आणायची. टोकं घासल्याचा बारीक 'कट्' आवाज आला की बसली. शिवाय दिलेल्या पकडीला आतून दाते आहेत, मुलाम्यावर ओरखडे हमखास. सपाट जबड्याच्या दोन पकडी नागदेवी स्ट्रीटवर मिळतील. तोवर दातांवर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी गुंडाळावी.

हुक वापरू नका. कशाचे आहेत ते पाकिटावर कुठेच लिहिलेलं नाही आणि निकेलने कान सुजणारे लोक कमी नाहीत. ३१६ एल स्टीलचे (सर्जिकल स्टील म्हणतात ते) वेगळे घ्यावेत.

पाच पैकी दोन गुण, आणि तेही मण्यांच्या रंगांना. आधीच घेऊन ठेवलं असेल तर त्या ३०० कड्या सरळ दुहेरी साखळीला वापरा. पेंडंट अडकवायला ठीक आहे. पावसाळ्याआधी पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात फिरवा.