ढब्बूच्या कानापायी ३०,०९७ रुपये

३०,०९७ रुपये. ऑनलाइन फसवणुकीत गेलेला आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून "नेमके किती गेले हो?" असं कुणी विचारायला नको. ५९९, ४,७५०, ९,९९९ आणि शेवटचे १४,७४९. चारही वेळा यूपीआयचा पिन मीच टाकला, माझ्याच बोटाने. बावीस वर्षं एका खासगी कंपनीचे हिशेब बघतोय. सोसायटीच्या वार्षिक सभेत 'ओटीपी कुणाला देऊ नका' हे पत्रक मोठ्याने वाचून दाखवणारा मीच. सासूबाईंना तर अनोळखी नंबर उचलायची बंदीच घातली होती. त्या आता काही बोलत नाहीत. नुसता चहा ठेवतात आणि जातात.

ढब्बू म्हणजे आमचा गिनी पिग, कुरतडणारा छोटा पाळीव प्राणी. बायको सांगलीची, तिच्याकडे ढोबळी मिरचीला ढब्बू म्हणतात आणि याचा त्या मिरचीवर जीव, म्हणून हे नाव. या प्राण्याला क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही, आपल्यासारखंच, त्यामुळे मिरचीचा तुकडा रोज लागतोच. जुलैतल्या एका शनिवारी त्याची मान उजवीकडे कलली. मला वाटलं अवघडली असेल. रविवारी संध्याकाळी तो एकाच जागी गोल गोल फिरायला लागला, मिरचीकडे जाताना कोलमडायचा, आणि बुबुळं सारखी डावी-उजवीकडे थरथरत होती. लेकीने त्याला पिठाच्या वजनकाट्यावर ठेवलं. आठवड्यापूर्वी ९४० ग्रॅम होता, आता ८६५.

ज्यांच्या घरी हे प्राणी आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. दुखणं शेवटपर्यंत लपवतात, आणि रात्रभर खाणं थांबलं तर आतडीच काम करायची थांबतात. तेव्हा 'सकाळी बघू' हा पर्याय नव्हता. कृपा करून मला "एवढी काय घाई होती" असं विचारू नका. धरणातून पाणी सोडलेलं, आमच्या पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली, रविवारची रात्र. कर्वेनगरातले आमच्या ओळखीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "अहो, मी कुत्री-मांजरं बघतो, गिनी पिग नाही." दुसऱ्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांचा बंद.

मग मोबाईलवर शोधलं. नकाशात पहिलंच नाव, '२४ तास', ४.८ चांदण्या. फोन एका घंटीत उचलला. (एका घंटीत! पुण्यात! रविवारी रात्री पावणेदहाला! इथेच माझं डोकं ठिकाणावर असतं तर मी फोन ठेवला असता.) त्या चांदण्यांखालचे अभिप्राय मी दुसऱ्या दिवशी वाचले. त्यातल्या एकात 'सोफा क्लीनिंग एकदम उत्तम, वेळेवर आले' असं होतं. कुणाची तरी जुनी नोंद लाटून नाव आणि नंबर बदललेला. चांदण्या मोजू नका, खालचं वाचा.

५९९ भरले आणि व्हिडिओ कॉल आला. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे लॅब्रडॉरचं पोस्टर. "सर जी, टेंशन मत लो, ये कान का इन्फेक्शन है." निदान बरोबर होतं, हे मुद्दाम सांगतो. मान कललेला गिनी पिग दाखवला तर हे कुणीही सांगेल, पण मला तेव्हा वाटलं, चला, माणूस जाणकार आहे.

आणि मग त्याने विचारलं, "कल से उल्टी कितनी बार हुई?"

माझ्या शेजारी चौदा वर्षांची लेक ढब्बूला टॉवेलमध्ये धरून बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, गिनी पिगला उलटी होतच नाही."

होतच नाही. करताच येत नाही त्यांना. हे मलाही माहीत होतं, आणताना आम्ही दोघांनी मिळून वाचलं होतं. जो रोज असे प्राणी तपासतो तो हा प्रश्न विचारूच शकत नाही. पोपटाला दात किती पडले विचारण्यातला प्रकार. आणि मी काय केलं? तिच्याकडे डोळे वटारून "थांब गं, डॉक्टर बोलतायत" म्हटलं, आणि त्या भामट्याला सांगितलं, "नहीं डॉक्टरसाब, उल्टी नहीं हुई." साब! रात्री झोप लागत नाही तेव्हा पैसे आठवत नाहीत, हे आठवतं. तिचा तो हळू आवाज आणि माझं ते 'थांब गं'.

पुढचं पटकन सांगतो, कारण त्यात नवीन काही नाही. व्हॉट्सॲपवर चिठ्ठी आली: लहान मुलांचं अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचं सिरप सकाळ-संध्याकाळ, आणि 'इम्पोर्टेड' इंजेक्शनचा संच रात्रीच थंड डब्यातून घरपोच. संचाचे ४,७५०. सिरप आणायला मी राजाराम पूल ओलांडून सिंहगड रोडला, रात्रभर उघडं असणाऱ्या मेडिकलमध्ये गेलो. तिथल्या पोराने "बाळ केवढं आहे?" एवढंच विचारलं आणि चिठ्ठी न बघता बाटली दिली, ७८ रुपये. (हे ७८ वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.) तिथेच पत्र्याखाली उभा असताना फोन आला: डबा महागाचा आहे, ९,९९९ डिपॉझिट भरा, डबा परत दिला की परत. आता हसू नका. अनामत म्हणजे खर्च नव्हे, येणं, हे माझ्या डोक्यात बावीस वर्षं बसलेलं आहे. खर्च म्हणून मागितले असते तर मी घासाघीस केली असती. डिपॉझिट म्हटल्यावर भरले.

सव्वाअकराला पुन्हा फोन. पावसामुळे डिलिव्हरी रद्द, सगळं रिफंड करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा. ४,७५० अधिक ९,९९९, बरोबर १४,७४९ स्क्रीनवर दिसले. माझी बेरीज जुळली म्हणून मी पिन टाकला. हिशेबनीस ना! पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. कधीच लागत नाही. हे सोसायटीच्या त्या पत्रकात तिसऱ्या ओळीत होतं.

पावणेबाराला नंबर बंद, आणि चॅटमधले त्याचे मेसेज एकेक करून डिलीट होताना मी डोळ्यांनी बघत होतो. स्क्रीनशॉट तिथल्या तिथे काढत जा, संशय आल्यावर नाही, आधीपासून.

घरी आलो आणि त्या सिरपची सिरिंज भरायला लागलो. पैसे गेले, निदान औषध तरी खरं असेल, असा विचार. लेकीने ढब्बूला छातीशी धरलं आणि देऊच दिला नाही. मी ओरडलो. ती रडली, पण हललीही नाही. सोमवारी सकाळी औंधकडच्या एका डॉक्टरीणबाई मिळाल्या. त्यांनी कानात दिवा धरून पू दाखवला, संसर्ग थेट आतल्या कानापर्यंत गेलाय म्हणाल्या, आणि माझ्या हातातली बाटली पाहून पहिला प्रश्न केला, "हे दिलंत का?" नाही म्हटल्यावर खुर्चीत टेकल्या. पेनिसिलिनच्या कुळातली ही औषधं तोंडाने दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि जनावर काही दिवसांत दगावू शकतं. माणसाच्या बाळाला चालणारं सिरप याला विष. त्यांनी एन्रोफ्लॉक्सासिन हे दुसऱ्या जातीचं अँटिबायोटिक आणि दुखणं कमी करायचं औषध दिलं, सिरिंजने भरवायला शिकवलं, मनाने कानात थेंब घालू नका म्हणून बजावलं, कारण आतला पडदा फाटलेला असेल तर थेंबच घात करतात. डोस मला विचारू नका, तो वजनावर ठरतो आणि डॉक्टरच ठरवतात. बिल औषधांसकट १,१५०.

खरा पशुवैद्य राज्याच्या पशुवैद्यक परिषदेत नोंदलेला असतो आणि नोंदणी क्रमांक विचारला तर सांगतो. जनावर ठणठणीत आहे तोवरच त्याला बघणारा डॉक्टर शोधून ठेवा, रात्रीचा नंबरही.

आता पोलीस. शरमेपोटी मी बायकोला सकाळी आठला सांगितलं आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला दुपारी दीडला. हे चौदा तास माझे, कुणाचा दोष नाही. तुम्ही चौदा मिनिटंही घालवू नका. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत तो गोठवता येतो, नंतर शोधत बसायचं. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरच्या तक्रारीची पावती घेऊन मी चौकीत गेलो. ठाणे अंमलदारांनी अर्ज वाचला, मान वर केली आणि मागच्या टेबलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "उंदरासाठी तीस हजार?" मागचं टेबल हसलं. "उंदीर नाही साहेब, गिनी पिग." "म्हणजे डुक्कर?"

मग हद्द. पहिली दोन पेमेंट घरातून, म्हणजे नदीच्या अलीकडे. शेवटची दोन मेडिकलच्या दारातून, पलीकडे. मोठी रक्कम पलीकडे गेली, तिकडे जा. पलीकडचे म्हणाले, राहता कुठे? मग अलीकडे जा. त्या आठवड्यात राजाराम पूल मी पाच वेळा ओलांडला, दर वेळी नव्या झेरॉक्स घेऊन. एकदा फक्त "साहेब जेवायला गेलेत" हे ऐकायला दीड तास बसलो. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घ्यायची. पाचव्या वेळी ते कलम छापून नेलं. "तुम्ही वकील का?" "नाही, अकाउंट्सला." "मग?" अर्जावर शिक्का मारून दिला. एफआयआर अजून नाही.

बँकेची कथा याहून छोटी आणि याहून थंड. "सर, पिन तुम्ही टाकला." कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी नाही, तो रिझर्व्ह बँकेचा नियम ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, तुमची तर परवानगी होती. बरोबरच आहे त्यांचं, म्हणून तर जास्त झोंबलं. पण ज्या खात्यात एका रात्रीत असे पैसे आले आणि गेले, ते खातं कुणी उघडून दिलं, यावर उत्तर नाही. फॉर्म तीनदा भरून घेतला. तोंडी काही बोलू नका, ईमेल करा, त्यात प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक टाका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. मी केली आहे.

आजची स्थिती: कुठल्याशा परराज्यातल्या खात्यात २,१४० रुपये गोठलेत. ते सोडवून द्यायला ओळखीचे वकील ३,००० मागतात. ढब्बू ९१० ग्रॅमवर आलाय. मान अजून थोडी कललेली आहे, कदाचित तशीच राहील. पण मिरचीकडे आता सरळ जातो.

परवा एक फोन आला. सायबर रिकव्हरीवाले, माझं नाव आणि ३०,०९७ हा आकडा त्यांना तोंडपाठ. १,५०० फी भरली की आठवड्यात पूर्ण रक्कम परत. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात, हे ध्यानात घ्या. लेक समोरच अभ्यास करत होती. मी फोन स्पीकरवर टाकला आणि विचारलं, "गिनी पिग को दिन में कितनी बार उल्टी होती है?"

"दो-तीन बार तो नॉर्मल है, सर," तो म्हणाला.