परदेशातून सुटे भाग मागवताना : ड्युटी परवडते, कुरिअरची फी नाही

मनगटी घड्याळं दुरुस्त करायच्या छंदापायी गेले काही महिने मी परदेशातून सुटे भाग मागवते आहे. मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग), गास्केट (पाणी आत शिरू नये म्हणून बसवायची रबरी कडी), काचा, चिमटे, पट्टे, असला बारीक माल. पोस्ट, एक्सप्रेस कुरिअर आणि ऑर्डर देतानाच सगळे कर भरून टाकायची सोय, असे तिन्ही मार्ग वापरून झाले. कस्टमच्या नावाने खडे फोडण्याआधी बिल ओळ न् ओळ वाचा, एवढं मात्र कुणालाही सांगेन.

ड्युटी, म्हणजे आयात मालावरचा कस्टमचा कर, बहुतेक टक्केवारीत असते. माल लहान तर ड्युटीही लहान. कुरिअरचं तसं नाही. तुमचं पार्सल सोडवण्यासाठी कंपनी ड्युटी आणि कर स्वतः आधी भरते, मग तुमच्याकडून वसूल करते आणि या उपकाराची फी लावते. ही फी बहुधा भरलेल्या रकमेच्या काही टक्के किंवा एक ठरावीक किमान रक्कम, यांतली जी जास्त असेल ती. बारीक मालाला दर वेळी किमान रक्कमच लागते. बिलावर ती डिस्बर्समेंट, अ‍ॅडव्हान्समेंट, क्लिअरन्स अशा वेगवेगळ्या नावांनी येते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते गास्केटच्या पाकिटाला अगदी लागू पडतं.

दुसरी गोम वाहतूक खर्चाची. बऱ्याच देशांत ड्युटी मालाची किंमत, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया परदेशातून आपल्या देशापर्यंतचं भाडं त्यात धरत नाहीत. समजा माल १०० चा, वाहतूक ४०, ड्युटी १० टक्के आणि त्यावर विक्रीकर २० टक्के. ड्युटी १४ होते. मग १५४ वर कर ३०.८०. म्हणजे १०० च्या मालावर ४४.८० सरकारला, आणि कुरिअरची फी त्याच्यावर आणखी. महागडं एक्सप्रेस निवडलं की भाडं तर वाढतंच, त्या भाड्यावरचा करही वाढतो.

लहान पार्सलांना मिळणारी सूटही आता आटत चालली आहे. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ पासून काढून टाकली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची ड्युटीमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी थांबवली, आणि तेव्हा कित्येक देशांच्या पोस्टखात्यांनी तिकडची पार्सलं काही काळ घेणंच बंद केलं होतं. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या अनुभवावर विसंबून हिशेब मांडू नका.

पार्सल अडकण्याचं कारण मला बहुतेक वेळा वर्णनात सापडलं. मालाचा प्रकार ठरवायला जगभर वापरल्या जाणाऱ्या एचएस कोडचे पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे. विक्रेता सगळ्यावर ‘घड्याळाचे भाग’ लिहून मोकळा होतो. पण पट्टा ९११३ मध्ये येतो, चिमटा ८२ व्या प्रकरणात (कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण), रबरी गास्केट ४० व्या. दर वेगळे, म्हणून वाद. आता मी ऑर्डर देतानाच विक्रेत्याला लिहिते : प्रत्येक वस्तू कशाची बनलेली आहे, कशासाठी आहे आणि किती नग, हे इनव्हॉइसवर वेगवेगळं टाका. तेव्हापासून फोनाफोनी खूपच कमी झाली. काही विक्रेते ‘गिफ्ट लिहू का, किंमत कमी दाखवू का’ असं स्वतःहून विचारतात. मी नको म्हणते. एक तर ते खोटं, शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई त्या कमी दाखवलेल्या किमतीएवढीच मिळते.

पोस्टाबद्दल माझं मत चांगलं आहे. वेळ लागतो, ट्रॅकिंग मध्येच मुकं होतं, पण सोडवणुकीची फी माझ्या अनुभवात कुरिअरपेक्षा बरीच कमी. पाकिटावर सीएन २२ किंवा सीएन २३ चं लेबल, म्हणजे आत काय आणि किती किमतीचं आहे हे कस्टमला सांगणारा पोस्टाचा फॉर्म, नीट भरलेलं हवं. पोस्टाचा आंतरराष्ट्रीय ट्रॅकिंग क्रमांक १३ खुणांचा असतो : दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. ‘ड्युटी भरा’ म्हणून मेसेज आला तर त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. स्वतःकडचा क्रमांक अधिकृत साइटवर टाकून बघा. या नावाखाली फसवणूक फार चालते.

कर आधीच भरायची सोय, म्हणजे डीडीपी, मला सगळ्यात निवांत वाटली. आकडा थोडा फुगलेला दिसतो, पण दारात कुणी पैसे मागत नाही. विक्रेता खरंच डीडीपीने पाठवतोय ना, की नुसतं ‘शिपिंग फ्री’ म्हणतोय, हे लेखी विचारून घ्या. शिपिंग फ्री म्हणजे ड्युटी फ्री नव्हे.

एवढ्यावरून माझी वाटणी अशी झाली आहे : गास्केट, काचा पोस्टाने, महागडी हत्यारं डीडीपीने, एक्सप्रेस फक्त घाईचं काम असेल तेव्हा, आणि तेव्हाही बरेच भाग एकत्र मागवून, म्हणजे किमान फी एकदाच बसते. माल परत पाठवायची वेळ आली तर मात्र तिन्ही मार्ग सारखेच त्रासाचे. विक्रेता वस्तूचे पैसे देतो. ड्युटी परत मिळवायची तर निर्यातीचे कागद, मूळ बिल आणि अर्ज लागतात, आणि कुरिअरची फी परत देण्याची भाषा आजवर मला कुणी केलेली नाही. लहान वस्तू असेल तर मी विक्रेत्याकडून थोडे पैसे कमी करून घेते आणि ती ठेवून देते.